आचारी, आचार्य आणि पडद्यावरचं मुद्रितशोधन

ही दोन वाक्यं वाचा : ‘आचार्यांना जेवायला बोलावले.’ ‘आचाऱ्यांना जेवायला बोलावले.’ पहिल्यात गुरुजी जेवले, दुसऱ्यात स्वयंपाकी. फरक एवढाच, की एकीकडे रफार आहे आणि दुसरीकडे अर्धा र. कागदावर अशी चूक मुद्रितशोधक पकडतो. पडद्यावर कोण पकडतं? कामरेजला दुकानांच्या पाट्या गुजरातीत. मराठी आपल्याला जास्त करून मोबाइलवरच भेटते. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

पडद्यावर अक्षरं जोडण्याचं काम ‘हार्फबझ’ ही लायब्ररी करते. इथे लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस, अँड्रॉइड, सगळ्यांत ही आहे.

१९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन या मुक्त प्रणालीचे स्वयंसेवक अशा लायब्रऱ्यांची पॅकेजेस बांधतात. पॅकेज म्हणजे काय, तर कोड आणि त्याला आणखी काय काय लागतं याची यादी, एकाच गाठोड्यात. बांधतानाच लायब्ररीच्या स्वतःच्या चाचण्या चालतात : हा शब्द दिला, तर फाँटमधल्या याच आकृत्या याच क्रमाने यायला हव्यात. चुकलं, तर सहसा पॅकेज तयारच होत नाही.

हे सगळं प्रत्येक जातीच्या प्रोसेसरवर वेगळं करतात. कारण बघा : ‘क’चा युनिकोड क्रमांक ०९१५. आयबीएमची एस३९०एक्स ही मोठी यंत्रं ०९ आधी ठेवतात. आपले लॅपटॉप आणि मोबाइल १५ आधी. क्रम चुकीचा वाचला, तर १५०९ होतं, आणि ते कॅनडातल्या आदिवासी भाषांच्या लिपीतलं अक्षर आहे! लॅपटॉपवर नीट चाललेला कोड तिथे अडखळतो.

मग कुणी म्हणेल, ते यंत्र आपण कुठे पाहिलंय? चाचणी बंद करा. बंद करता येते. पण कधी कधी चूक सगळीकडेच असते, लॅपटॉपवर ती फक्त नशिबाने झाकलेली असते.

१६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापावं लागलं. आज देवनागरी पडद्यावर आहे. ती तपासणारे हवेत. चाचणीचे शब्द सुचवायला प्रोग्रॅमरच लागतो असं नाही, आचारी आणि आचार्य यांतला फरक कळणारा लागतो. तेव्हा पुढच्या वेळी जोडाक्षर मोडलेलं दिसलं, तर नुसते हसू नका. शब्द, फाँट, यंत्र आणि योग्य रूप लिहून कळवा. तेही मुद्रितशोधनच आहे.