स्वमग्नता : वृद्धी व्याधीची की निदानाची?

‘पूर्वी अशी मुले कोठे होती?’ स्वमग्न बालकाचे पालक वैद्यास हा प्रश्न हमखास विचारतात. आकडेही चकित करणारेच आहेत. इंग्लंडमधील मिडलसेक्स येथे व्हिक्टर लॉटर यांच्या १९६६ च्या पाहणीत दहा हजारांत साडेचार बालके आढळली होती. अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण २००० साली दीडशेत एक आणि २०२२ साली एकतीसांत एक असे नोंदले गेले.

मात्र या दोन्ही ठिकाणी मोजलेली वस्तू एकच नव्हे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये वर्णिलेल्या ११ मुलांत लक्षणे तीव्र होती व लॉटर यांची व्याख्या त्याच वळणाची होती. उत्तम बोलणारी, बुद्धीने सामान्य अशी ॲस्पर्जर गटातील मुले अमेरिकी वर्गीकरणात १९९४ साली आली. डेन्मार्कचा दाखला याहून बोलका आहे. तेथे १९९४ मध्ये निदानाचे निकष बदलले आणि १९९५ पासून बाह्यरुग्णांचीही नोंद होऊ लागली. १९८० ते १९९१ या काळात जन्मलेल्या मुलांतील वाढीपैकी सुमारे ६० टक्के वाढ या दोनच कारणांनी उलगडते, असे २०१५ च्या अभ्यासात दिसले. त्याच वर्षीच्या स्वीडनमधील अभ्यासात दहा वर्षे लक्षणांचे प्रमाण स्थिर होते. वाढली ती दप्तरातील निदाने.

सर्वच वाढ कागदोपत्री आहे, असे मात्र म्हणता येत नाही. मातापित्यांचे वाढलेले वय व अतिअपूर्णकाल जन्मलेल्या अर्भकांचे जगणे ही कारणे खरी आहेत. लसीचे कारण टिकत नाही. अमेरिकेत २००१ पर्यंत बालकांच्या बहुतेक लसींतून पारायुक्त थायोमर्सल काढले गेले, तरी आकडे चढतच राहिले.

प्रत्येक विकारास निश्चित नाव असतेच असे नाही, हे चरकांनी सूत्रस्थानात सांगितलेलेच आहे. आधुनिकांनी नावाची कक्षा रुंदावली, इतकेच.

‘साथ’ आली या भीतीपोटी पालक महागडे ‘मेंदूशोधक’ योग मागतात. औषधी-विक्रेत्यांनी येथे विशेष सावध असावे. शिसे बालकाच्या बुद्धीस घातक आहे. नाग वा पारद असलेले कल्प अशा मागणीवरून देऊ नयेत. दीड वर्षाचे मूल हाकेस वळत नसेल, बोटाने वस्तू दाखवीत नसेल, तर मेध्य घृताचा परिणाम पाहण्यात महिने न घालविता श्रवणपरीक्षेसाठी व बालविकासतज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात पाठवावे.