तेहतिसावं पान

फोन आला तेव्हा मी देवळीच्या बाजारात वांगी निवडत होतो. "अभिनंदन, आपल्या संग्रहाची पुरस्कारासाठी निवड झाली!" पदरमोड करून काढलेली पाचशे प्रतींची आवृत्ती, त्यातल्या चारशेवर प्रती पलंगाखाली. वांगी तिथंच राहिली.

प्रवेशिकेसोबत पाचशे रुपये आणि चार प्रती आधीच गेल्या होत्या. आता स्मृतिचिन्ह, फोटो नि भोजनाचे अडीच हजार मागितले. बायको म्हणाली, "बक्षीस देतात का घेतात?" मी रागावलो आणि पैसे पाठवले.

सेवाग्राम एक्स्प्रेसनं कल्याण गाठलं. सभागृहात माझ्यासारखे साठ-सत्तर 'निवडक'. शाल, फोटो, पुढचा. निघताना जिन्याखाली प्रवेशिकांच्या पुस्तकांचा ढीग दिसला. माझी प्रत उपसली. बाइंडरच्या चुकीनं माझ्या पुस्तकाचं तेहतिसावं पान पुढच्या पानाला जोडलेलंच राहिलं होतं, सगळ्याच प्रतींत. परीक्षकाच्या प्रतीतही ते तसंच होतं.

म्हणून सांगतो. पैसे मागितले की तिथंच थांबा. परीक्षक कोण, मागच्या वर्षी किती जणांना पुरस्कार दिला, हे फोनवर सरळ विचारा. समोरचा चाचरला तर समजून जा. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. मला ती कळली छापखान्याचं बिल फेडल्यावर! शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा वेगळा विभाग आहे. पस्तिशीच्या आत असाल तर साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही आहे.

अर्थात मोठ्या दारातही सगळं सरळ असतं असं नाही. डिसेंबर 2022 मध्ये कोबाड गांधींच्या पुस्तकाच्या अनुवादासाठी अनघा लेले यांना जाहीर झालेला पुरस्कार शासनानं आठवड्याभरात रद्द केला. पण तिथं निदान पुस्तकावरून भांडण झालं. माझं तर कुणी उघडलंही नव्हतं.

फेब्रुवारी 2023 मध्ये साहित्य संमेलन वर्ध्यात भरलं, 1969 नंतर पहिल्यांदा. मंडपात पिशवीभर प्रती घेऊन फिरलो. तीन खपल्या, त्यातली एक मेहुण्यानं घेतली. उरलेल्या गावोगावच्या वाचनालयांत फुकट वाटल्या. आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, जिथं एसटी नेईल तिथं.

परवा पुलगावच्या एका वाचनालयात सहज माझ्या पुस्तकाची प्रत मागितली. तेहतिसावं पान कुणीतरी ब्लेडनं कापलं होतं, जरा वाकडंच.