जाकीट माणसाला कसे तारते?

एरंडोलपासून समुद्र दूर. पण पाण्याचा नियम अंजनी धरणात आणि अरबी समुद्रात एकच. 1 लिटरची रिकामी बाटली घट्ट बूच लावून बादलीत बुडवून पाहा. जवळजवळ 1 किलोग्रॅम वजनाइतका जोर लावावा लागेल, कारण तिने 1 लिटर पाणी बाजूला सारलेले असते.

माणसाचे शरीर पाण्यात जेमतेम तरंगते. पाण्याबाहेर राहिलेल्या डोक्याचे 4-5 किलो वजन तेवढे पेलायचे असते. म्हणून मच्छिमाराच्या जाकिटात 7-8 लिटर हलका पदार्थ पुरतो. तो छातीकडे अधिक असतो. त्यामुळे बेशुद्ध माणूसही उताणा होतो आणि नाक-तोंड वर राहते.

पूर्वी जाकिटांत बूच किंवा सावरीच्या जातीचा कापूस भरत. बांधावर सावर असेल तर बोंड फोडून पाहा. तंतू पोकळ व मेणचट असतात, सहजी भिजत नाहीत. मात्र तेल लागले की हा कापूस निकामी होई. आणि इंजिनाच्या नौकेत तेल कोठे नसते? आता बंद पोकळ्यांचा फोम वापरतात. तोही दबला की आकारमान घटते, आणि तेवढाच वर उचलणारा जोर. नौकेत बसायला उशी म्हणून वापरलेले जाकीट म्हणूनच बदलावे.