दुकानाच्या सर्व्हरवरचा एडिटर घरून उघडायचा, पण शटर बंद ठेवून

आज एकच काम शिकायचंय. दुकानाची वेबसाइट क्लाउड सर्व्हरवर आहे (ॲमेझॉनने 2016 मध्ये मुंबईत सोय सुरू केली, आता महिन्याच्या भाड्याने छोटं मशीन आपल्यालाही परवडतं) आणि तुम्हाला मुलुंडच्या घरून रेटलिस्टची फाइल बदलायची आहे. डाउनलोड करा, बदला, परत चढवा, या भानगडीत जुनी फाइल नव्या फाइलवर बसते. त्यापेक्षा एडिटरच सर्व्हरवर चालवा. कोड-सर्व्हर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे: ब्राउझरमध्ये व्हीएस कोड दिसतो, फाइल मात्र सर्व्हरवरच राहते.

आता नीट बघा. कोड-सर्व्हर मुळात 127.0.0.1 या पत्त्यावर, 8080 पोर्टवर चालतो. म्हणजे तो फक्त त्याच मशीनला दिसतो. घरून उघडत नाही म्हणून लोक पत्ता 0.0.0.0 करतात आणि फायरवॉलमध्ये 8080 सगळ्यांना मोकळा करतात. चालतं लगेच! पण हे शटर अर्धं उघडं टाकून जेवायला जाण्यासारखं आहे. या एडिटरमध्ये टर्मिनलही असतं, त्यामुळे ज्याला पासवर्ड मिळाला त्याच्या हातात गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर, उधारीचा हिशोब, सगळं गेलं. आणि साध्या एचटीटीपीवर पासवर्ड वाटेत वाचता येतो. 1995 मध्ये फिनलंडमधल्या एका विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले, म्हणून तातू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. आपण तेच वापरायचं.

पत्ता 127.0.0.1च राहू द्या. फायरवॉलमध्ये एसएसएचचा 22 आणि वेबसाइटचे 80, 443 एवढेच पोर्ट ठेवा. मग आपल्या लॅपटॉपवर कमांड द्या. तोंडी सांगतो: एसएसएच, स्पेस, मायनस मोठा एल, स्पेस, 8080 कोलन लोकलहोस्ट कोलन 8080, स्पेस, युजरचं नाव ॲट सर्व्हरचा आयपी. इथे सगळे गोंधळतात. पहिला 8080 तुमच्या लॅपटॉपचा. नंतरचा लोकलहोस्ट आणि 8080 सर्व्हरचा, कारण तो सर्व्हरच्या बाजूने वाचला जातो. लॅपटॉपवर 8080 आधीच कुणी अडवला असेल तर फक्त पहिला आकडा 9090 करा आणि ब्राउझरमध्येही 9090च टाका, नाहीतर लोकलहोस्ट कोलन 8080.

ती काळी विंडो बंद करू नका, बोगदा तिथूनच चालतो. घाटकोपरला लोकलमध्ये नेट गेलं तरी एडिटर सर्व्हरवर सुरूच असतो. कमांड परत द्या, पान रिफ्रेश करा. पासवर्ड विसरलात तर तो सर्व्हरवरच कोड-सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेला सापडेल.