विद्यापीठीय विद्यार्थी आणि साहाय्याच्या सोयी

बारावीचा निकाल लागून पदवीच्या वर्गात प्रवेश मिळाला, की मुलाच्या शिक्षणाची काळजी मिटली असे घरच्या मंडळींना वाटते. वस्तुत: खरी अडचण तेथूनच सुरू होते. गावातील शाळेत मुलगा घरचे जेवून जात होता, शिक्षक त्याला नावानिशी ओळखत होते आणि एखादा दिवस तो दिसला नाही तर घरी निरोप येत होता. शहरातील महाविद्यालयात यांपैकी काहीच नसते. खोलीचे भाडे, खानावळीचे पैसे, शुल्काचा पहिला हप्ता, इंग्रजीतील व्याख्याने आणि अनोळखी माणसे, हे सारे एकाच महिन्यात समोर उभे राहते. बुद्धीने कमी नसलेली अनेक मुले पहिल्याच वर्षी गावी परततात, ती अभ्यासामुळे नव्हे, तर या गोष्टींमुळे. त्यांच्यासाठी राज्यात सोयी नाहीत असे नाही. सोय आणि विद्यार्थी यांची गाठ पडत नाही, ही खरी उणीव आहे.

जेवण आणि निवारा यांचा प्रश्न जुना

शिकण्यासाठी परगावी गेलेल्या मुलाने जेवावे कोठे, हा प्रश्न महाराष्ट्रात शंभर वर्षांहून अधिक जुना आहे. पुण्यात पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत किंवा माधुकरी मागत. आठवड्याचे सात दिवस सात घरी पान मांडले जाई आणि त्या आधारावर कित्येकांनी पदव्या मिळविल्या. परंतु ही सोय मुख्यत्वे ब्राह्मण मुलांपुरतीच होती, हे विसरून चालणार नाही. ज्यांच्यासाठी कोणाच्याही घरी पान मांडले जात नव्हते, त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था उभारणे भाग होते. ते काम कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतले. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा वसतिगृह सुरू झाले. त्यानंतर निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे एकामागून एक निघाली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. कोल्हापुरास वसतिगृहांचे माहेरघर म्हणतात ते याच कारणाने.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी पुढचे पाऊल टाकले. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केल्यानंतर १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत आणि आपल्या श्रमाने वसतिगृहाच्या खर्चास हातभार लावीत. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व महाविद्यालयीन शिक्षणास प्रथमच जोडले गेले. धर्मादाय अन्न आणि श्रमाचे अन्न यांत भाऊरावांनी केलेला फरक लहान नव्हता. मदत घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हा विचार त्यामागे होता.

पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने विद्यार्थी साहाय्यक समिती उभी राहिली. ग्रामीण भागातील होतकरू मुलामुलींना अल्प शुल्कात निवास व भोजन देणे आणि वसतिगृहातील कामे त्यांनीच वाटून घेऊन करणे, अशी तिची पद्धत आहे.

विद्यापीठांनीही ‘कमवा व शिका’ ही योजना स्वीकारली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ती विद्यार्थी विकास मंडळामार्फत चालते. विद्यार्थी ग्रंथालयात, कार्यालयात, प्रयोगशाळेत किंवा बागेत दिवसातून काही तास काम करतो आणि त्याला तासाच्या हिशेबाने मोबदला मिळतो. या पैशात शहरातील सर्व खर्च भागत नाही, हे उघड आहे. मात्र खानावळीचे बिल थकले म्हणून शिक्षण सोडण्याची वेळ या रकमेने अनेकदा टळते. महाविद्यालयांना येथे एक सुचवावेसे वाटते. या योजनेतील विद्यार्थ्याला केवळ फाइली उचलण्याचे काम न देता त्याच्या विषयाशी जुळणारे काम दिले, तर मोबदल्याबरोबर अनुभवही त्याच्या पदरात पडेल.

शिष्यवृत्ती : गावापासून खात्यापर्यंत

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रयत्नाने १९४४ साली सुरू झाली. पुढे अनुसूचित जमाती आणि इतर मागास वर्गांपर्यंत तिचा विस्तार झाला. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २ लाख ५० हजार रुपये आहे आणि २०२१ च्या सुधारित नियमांनुसार तिचा भार केंद्र व राज्य ६० : ४० या प्रमाणात उचलतात.

शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. भोजन, निवास आणि निर्वाह यांसाठी मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत वर्षास ६० हजार रुपयांपर्यंत रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करण्याची तीत तरतूद आहे. लहान शहरांत ही रक्कम कमी होते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी अशाच धर्तीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, तर नोंदणीकृत मजूर आणि अल्पभूधारक शेतकरी यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. आर्थिक दृष्ट्या दुर्बल कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नमर्यादा ८ लाख रुपये ठेवलेली आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने या मर्यादेतील इतर मागास वर्ग, सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागास वर्ग आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळाली.

योजनांची ही यादी आणखी वाढविता येईल, पण त्याने फारसे साधणार नाही. कागदावरची रक्कम विद्यार्थ्याच्या हाती पडण्यापूर्वी तिला बराच मार्ग कापावा लागतो आणि तो मार्ग मध्येच कोठे खुंटतो, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या पाड्यावरून पुण्यास आलेल्या मुलीचे उदाहरण घेऊ. शिष्यवृत्तीसाठी तिला उत्पन्नाचा दाखला लागतो. तो तहसील कार्यालयातून मिळतो, पण त्यासाठी ग्राम महसूल अधिकाऱ्यांचा, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांचा, अहवाल हवा असतो. राखीव जागेवरील व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी वडील-आजोबांच्या शाळेतील नोंदी शोधाव्या लागतात आणि या शोधात महिने जातात. दाखल्यावरचे नाव आणि आधारपत्रावरचे नाव यांत एका अक्षराचा फरक असला, तरी अर्ज अडतो. मुलगी पुण्यात, कागद गावात आणि कार्यालय तालुक्यास. एकेका कागदासाठी दीड-दोन दिवसांचा प्रवास आणि बुडालेले तास हे तिला परवडणारे नसते. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरला, की तो महाविद्यालयाच्या लिपिकाकडे जातो. तेथून प्राचार्य आणि संबंधित विभाग अशा पायऱ्या चढतो. महाविद्यालयाच्या पायरीवर अर्ज पडून राहिला, तर विद्यार्थिनी पात्र असूनही वर्ष कोरडे जाते.

शेवटच्या पायरीवरील अडचण तर बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जाते. एकाहून अधिक खाती असल्यास जे खाते सर्वांत शेवटी जोडले गेले, त्यात ती जमा होते. शाळेत असताना गावच्या बँकेत उघडलेले आणि पुढे व्यवहार नसल्याने बंद पडलेले खाते हेच जोडलेले असेल, तर पैसे परत जातात. विद्यार्थी मात्र शहरातील नव्या खात्याकडे डोळे लावून बसतो. बँकेत जाऊन आधारजोडणी तपासण्यास एक दिवसही लागत नाही. ती न तपासल्यामुळे वर्षाची रक्कम हुकल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत.

शुल्काबाबतही एक गोष्ट स्पष्ट असावी. शिष्यवृत्तीस पात्र असलेल्या मागासवर्गीय विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिष्यवृत्तीत मिळणारे शुल्क मागू नये, अशा सूचना शासनाने महाविद्यालयांना वेळोवेळी दिलेल्या आहेत. या सूचना ठाऊक नसल्याने पालक सावकाराकडून पैसे उचलतात. ते कर्ज पुढे वर्षानुवर्षे फिटत नाही.

तक्रार करावी कोठे

महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा १९९९ सालीच केला. त्यात २ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद असून दोषी ठरलेल्या विद्यार्थ्यास ५ वर्षे अन्यत्र प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यापासून ७ दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी केली पाहिजे. देशपातळीवर १८००-१८०-५५२२ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती आवश्यक आहे. शुल्क, गुणपत्रिका, अडवून ठेवलेली मूळ कागदपत्रे अशा तक्रारी विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे नेता येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार या समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो आणि त्याने समाधान न झाल्यास विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. अपंग विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक आणि तासास किमान २० मिनिटे अधिक वेळ मिळण्याची तरतूद आहे. मात्र त्यासाठी अर्ज परीक्षेच्या आदल्या दिवशी नव्हे, तर सत्राच्या आरंभीच करावा.

मनाचे ओझे

पैशाच्या अडचणीविषयी विद्यार्थी निदान बोलतो. मनातील अडचणीविषयी तो बोलत नाही, आणि हीच बाब सर्वांत गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ साली देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,८३४ एकट्या महाराष्ट्रातील होते. कोणत्याही राज्यापेक्षा ही संख्या अधिक आहे. शिक्षणात पुढारलेल्या म्हणविणाऱ्या राज्याने या आकड्यापुढे थांबून विचार करावयास हवा.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी या विषयावर मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमला पाहिजे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील मानसोपचार तज्ज्ञांशी रीतसर जोडणी ठेवावी आणि सर्व शिक्षक व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, असे त्यांत सांगितले आहे. केंद्र शासनाची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते आणि मराठीतूनही बोलता येते.

तरीही समुपदेशकाची खोली असणे आणि विद्यार्थ्याने तिचे दार उघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘मला वेड लागलेले नाही’ हे उत्तर खेड्यातून आलेल्या मुलाकडून हमखास मिळते. म्हणून पहिले काम वर्गातील शिक्षकाचेच राहते. नियमित येणारा विद्यार्थी आठवडाभर आला नाही, खानावळीत जेवायला येईनासा झाला, पुस्तके मित्रांना वाटू लागला किंवा नापास झाल्यावर घरी दूरध्वनीच करीत नाही, ही लक्षणे ओळखण्यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही. विद्यार्थ्याला बाजूस घेऊन जेवलास का, एवढे विचारले तरी बोलणे सुरू होते. त्यानंतर त्याला समुपदेशकाकडे नुसते पाठवू नये, तर सोबत घेऊन जावे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या सत्रात इंग्रजी पाठ्यपुस्तक कळत नाही, तेव्हा आपली बुद्धीच कमी आहे असे तो मानू लागतो. अशा मुलांसाठी पहिल्या दोन महिन्यांत पारिभाषिक संज्ञांचे मराठी-इंग्रजी वर्ग घेतले, तर पुढचा बराच त्रास वाचतो.

गावाचा वाटा

पंचायतीच्या सदस्यांना हा विषय शहराचा वाटतो. प्रत्यक्षात त्याचा पूर्वार्ध गावातच घडतो. दहावी-बारावीत असलेल्या मुलामुलींची नोंद ग्रामपंचायतीने ठेवणे आणि निकालाची वाट न पाहता उन्हाळ्याच्या सुटीतच त्यांचे उत्पन्नाचे, जातीचे व अधिवासाचे दाखले काढवून घेणे कठीण नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये अमलात आल्यापासून असे दाखले ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला आहे. मुदत उलटल्यास अपील करता येते. शाळेच्या मुख्याध्यापकांनी सोडल्याच्या दाखल्यावरील नाव, जात आणि जन्मतारीख मूळ नोंदवहीशी ताडून पाहिली, तर पुढील कित्येक खेपा टळतील. आपल्या गावातून शहरात शिकून आलेल्या एखाद्या तरुणाला ग्रामसभेत बोलावून त्याला कोणत्या कागदासाठी किती खेपा पडल्या हे सांगावयास लावले, तर दहा पत्रकांनी न होणारे काम होईल.

एक बारीक गोष्ट अशाच सभेत सांगण्याजोगी आहे. अर्जात त्रुटी आढळल्यास तो संकेतस्थळावरून परत पाठविला जातो आणि त्याची सूचना नोंदविलेल्या मोबाईल क्रमांकावर येते. अर्ज भरताना विद्यार्थी पुष्कळदा सेवा केंद्र चालविणाऱ्याचा किंवा एखाद्या नातेवाईकाचा क्रमांक देतो. सूचना त्या क्रमांकावर जाते, मुदत संपते आणि विद्यार्थ्याला पत्ताही लागत नाही. अर्जावर स्वत:चाच क्रमांक नोंदविला आहे की नाही, हे सेवा केंद्रातून उठण्यापूर्वी पाहून घ्यावे.