पाकीट नसलेली तंबाखू

मित्रांनो, कॉन्व्हेंटमधून आल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचे घोळ झाले तर सांभाळून घ्या. विषय मात्र आपल्या गेटबाहेरचाच आहे.

2003 च्या कायद्याप्रमाणे शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. म्हणजे साधारण 91 मीटर. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलनंतर टेप हातात होताच, म्हटलं मोजू या. पहिला पानठेला 64 मीटरवर निघाला!

पण खरी गोम अंतरात नाही. 2016 पासून पाकिटाच्या 85 टक्के भागावर इशारा छापावा लागतो. 2017 ला जीएसटी आला, तेव्हा सिगारेटवर वेगळा सेसही लागला, बिडीवर नाही. म्हणजे नियमांचा जोर जास्त करून पाकिटावर आणि सिगारेटवर. देशात मात्र 2016-17 च्या पाहणीत 15 वर्षांवरच्या लोकांपैकी 10.7 टक्के धूम्रपान करत होते आणि 21.4 टक्के बिनधुराची तंबाखू खात होते. विदर्भात तर खर्रा! सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटला की पुडी तयार. ना पाकीट, ना चित्र, ना बारकोड. गुटखा महाराष्ट्रात 2012 साली बंद झाला, पुढच्या आदेशांत खर्र्याचंही नाव आलं. पण कारखान्याला सील ठोकता येतं, घोटणाऱ्या हातांना कसं ठोकणार?

मागच्या वर्षी आपल्याकडे तंबाखूविरोधी व्याख्यान झालं. ऐकायला आपण होतो (मी शेवटच्या रांगेत, अर्धा झोपेत). खुर्च्या लावल्या मेसच्या पोरांनी, आणि लावून ती भाजी चिरायला गेली. वय आपल्याइतकंच. ड्युटी पहाटे पाचला सुरू, भूक मारायला खर्रा.

सुपारीने गालाची आतली त्वचा हळूहळू कडक होते, तोंड उघडेनासं होतं. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. पुढे कॅन्सरचा धोका असतो. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघा. आमच्या विंगमध्ये सगळ्यांची गेली. ताटं वाढणाऱ्या एकाला करायला लावलं, तर त्याची दोनच गेली. तो हसला, "आपल्याले काही होत नाही भाऊ."

डेंटल कॉलेजची ओपीडी सकाळी असते, आणि सकाळची सुट्टी म्हणजे त्याचा दिवसाचा पगार कापला जातो. मेस कमिटीला अर्ज दिलाय. अजून उत्तर आलेलं नाही.