जलपान आणि गृहस्थाचे कर्तव्य

मनुष्य अन्नावाचून काही आठवडे प्राण धारण करू शकतो. पाण्यावाचून मात्र थोड्याच दिवसांत देह टिकत नाही. अमरकोशात पाण्याच्या नावांमध्ये ‘जीवन’ आणि ‘अमृत’ ही नावे आली आहेत, ती या अनुभवाला धरूनच होत. असे असूनही नित्य व्यवहारात जलपानाइतकी उपेक्षित गोष्ट क्वचितच दुसरी असेल. घरात पाणी भरून ठेवलेले असते, तांब्या-भांडे हाताशी असते. तेव्हा ज्याला तहान लागेल तो पिईलच, असे गृहस्थ धरून चालतो. या समजुतीचाच येथे विचार करावयाचा आहे. कारण ज्यांना पाण्याची सर्वांत अधिक आवश्यकता असते, तेच पुष्कळदा पाणी मागत नाहीत.

शरीरातील जलाचा हिशेब

प्रौढ पुरुषाच्या वजनात शेकडा ६० च्या आसपास भाग पाण्याचा असतो. स्त्रियांत तो काहीसा कमी आणि नवजात बालकात शेकडा ७५ च्या सुमारास असतो. रक्ताचे अभिसरण, अन्नरसाचे शोषण, घामावाटे देहाची उष्णता कमी होणे, ही सर्व कार्ये पाण्याच्याच आश्रयाने चालतात. मूत्रपिंडे अहोरात्रात सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळून घेतात आणि त्यातील बहुतेक सर्व रक्तास परत देऊन अवघा दीड-दोन लिटर मूत्ररूपाने बाहेर टाकतात.

सामान्य हवामानात बैठे काम करणाऱ्या मनुष्याच्या शरीरातून मूत्र, घाम, श्वास आणि मल यांवाटे दिवसाकाठी सुमारे अडीच लिटर पाणी खर्च होते. त्यापैकी काही भाग भात, वरण, भाजी, फळे, ताक यांतून भरून येतो. उरलेला पिऊनच भरावा लागतो. उन्हात कष्ट करणाऱ्याचा घाम तासाला एक लिटरपर्यंतही जाऊ शकतो. म्हणून ‘दिवसाला इतकीच भांडी पाणी प्यावे’ असा एकच नियम सर्वांना लागू पडत नाही. त्याहून सोपी खूण मूत्राच्या रंगाची आहे. तो फिकट पिवळा असेल तर जमाखर्च बहुधा बरोबर आहे. तो गडद आणि थोडा होऊ लागला म्हणजे शरीर काटकसर करीत आहे, असे समजावे.

ही काटकसर वर्षानुवर्षे चालली, तर मूत्रातील क्षार साचून मूतखडा होण्याचा संभव वाढतो. इटलीतील पार्मा येथे एकदा मूतखडा झालेल्या रुग्णांचे पाच वर्षे निरीक्षण करण्यात आले. त्याचे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले. भरपूर पाणी पिण्याचा नियम पाळणाऱ्यांपैकी शेकडा १२ जणांना पुन्हा खडा झाला, तर तसा नियम न पाळणाऱ्यांपैकी शेकडा २७ जणांना झाला. औषध एकच होते आणि ते पाणी होते.

तहानेवर किती विसंबावे?

रक्तातील पाणी किंचित कमी होऊन क्षारांचे प्रमाण वाढले की मेंदूतील एक सूक्ष्म केंद्र जागे होते आणि मनुष्यास तहान लागते. निरोगी तरुण माणसाने या सूचनेवर बहुतांशी विसंबून राहण्यास हरकत नाही. परंतु वृद्धापकाळी हे केंद्र मंद होते. शरीर कोरडे पडत असतानाही वृद्धाला तहान जाणवत नाही. शिवाय मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची शक्तीही त्या वयात घटलेली असते. उन्हाळ्यात घरातील आजोबा अकारण मलूल दिसतात, बोलण्यात असंबद्धता येते, उठताना भोवळ येते. घरची माणसे ‘वयोमानाप्रमाणे चालावयाचेच’ असे म्हणून स्वस्थ बसतात. वास्तविक पुष्कळदा तेथे पाण्याचीच उणीव असते.

लहान मूल खेळाच्या नादात तहान विसरते. तापाने ग्लानी आलेला रोगी भांडे मागण्याचेही श्रम घेत नाही. आणि घरातील स्त्रिया? त्यांना तहान लागते, पण त्या ती मारतात. प्रवासात अथवा कामाच्या ठिकाणी शौचाची सोय नसल्यामुळे दिवस दिवस पाणी न पिणाऱ्या स्त्रिया या देशात थोड्या नाहीत. मूत्रमार्गाच्या जंतुदोषाचे एक कारण यात असते.

तहान मारणे हा प्राचीनांनीही दोषच मानला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात, जे वेग रोखू नयेत त्यांत तृष्णेची गणना आहे. ती रोखल्याने शोष, अंगाची शिथिलता, भ्रम, हृदयाचे विकार इत्यादी उद्भवतात, असे तेथे सांगितले आहे. उपवासाच्या दिवशीही हे ध्यानात ठेवावे. ज्या गोष्टींनी व्रतभंग होत नाही अशा आठ गोष्टी धर्मशास्त्रग्रंथांत सांगितल्या आहेत. त्यांत पहिले नाव पाण्याचे असून औषधाचाही समावेश आहे. तेव्हा सामान्य उपवासात पाणीही टाळणे हे व्रताचे अंग नव्हे. निर्जल व्रताची गोष्ट निराळी. परंतु वृद्ध, गर्भवती, मधुमेही आणि मूत्रपिंडाचे रोगी यांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून ते करू नये.

बनगावचा धडा

पाणी वेळेवर आणि योग्य रीतीने दिल्याने काय घडते, याचे एक ठळक उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेजवळील बनगाव येथे पटकीची साथ उसळली. या रोगात जुलाब-वांत्यांवाटे देहातील पाणी आणि क्षार इतक्या वेगाने जातात की काही तासांतही मृत्यू ओढवतो. शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पाण्यात मिसळले व ते रोग्यांना तोंडावाटे पाजण्यास आरंभ केला. पाजण्याचे काम त्यांनी रोग्यांच्या आप्तांवरच सोपविले. निर्वासितांत शेकडा ३० पर्यंत पोहोचलेले मृत्यूचे प्रमाण या उपचाराखाली शेकडा ४ च्याही खाली आले. २०२२ साली त्यांचे निधन झाले. पुढील वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

यामागील तत्त्व सोपे आहे. जुलाब होत असतानाही आतडे ग्लुकोज व मीठ एकत्र शोषून घेऊ शकते, आणि त्यांच्यामागोमाग पाणीही देहात ओढले जाते. नुसते पाणी तितके टिकत नाही. म्हणून जुलाब सुरू होताच औषधाच्या दुकानातील क्षारसंजीवनीची पुडी तिच्यावर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यात विरघळवून द्यावी. पुडी नसल्यास एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट लहान चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट लहान चमचा घालावा. हे माप वाढवू नये. अधिक मीठ बालकास घातक ठरते. एकदम भांडे तोंडाला न लावता चमच्या-चमच्याने पाजावे. वांती झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा आरंभ करावा. मूल निपचित पडले, डोळे खोल गेले, पिणेच बंद झाले अथवा लघवी थांबली, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

शुद्धी आणि मर्यादा

जे पाणी जीवन देते तेच अशुद्ध असल्यास पटकी, विषमज्वर आणि कावीळ घरात आणते. शंका असल्यास पाण्यास खळखळून उकळी आणून ती किमान एक मिनिट राहू द्यावी, आणि त्याच भांड्यात ते झाकून निववावे. पाणी घेण्यासाठी दांड्याचे ओगराळे ठेवावे. माठात हात बुडवू नये. मात्र उकळल्याने जंतू मरतात, पाण्यातील फ्लोराइड वा आर्सेनिक जात नाही. जेथे भूजलात हे दोष आहेत तेथे पाण्याची तपासणीच करून घ्यावी.

अतिरेकही टाळावा. थोड्या वेळात अनेक लिटर पाणी पिण्याने रक्तातील सोडियम पातळ होऊन मेंदूस सूज येऊ शकते. हृदयाच्या दुर्बलतेचे व मूत्रपिंडाचे रोगी यांनी वैद्याने घालून दिलेले प्रमाणच पाळावे. सहा महिन्यांच्या आतील बालकास आईच्या दुधाखेरीज पाणी देण्याचे कारण नाही. त्याची तहान त्या दुधानेच भागते.

गृहस्थाने पाळावयाचे नियम

१. वृद्धांच्या उशाशी झाकलेले पाणी ठेवावे, आणि ते संपले की नाही, हे सायंकाळी पाहावे.

२. मुलांना शाळेत जाताना व खेळून परतल्यावर पाणी द्यावे.

३. उन्हात राबणाऱ्या गड्याला, मोलकरणीला, दारी आलेल्या टपालवाल्याला पाणी विचारावे.

४. प्रवासात घरातील स्त्रियांच्या शौचाची सोय आधी पाहावी. ती झाली म्हणजे त्या आपोआप पाणी पितील.

५. जुलाबाच्या रोग्याचे पाणी कधीही तोडू नये.

पाहुणा दारात आला की प्रथम त्याच्यापुढे पाण्याचे भांडे ठेवण्याची रीत या देशात सर्वत्र आहे. तहान लागली का, असे त्याला कोणी विचारीत बसत नाही. जी तत्परता परक्यासाठी सहज घडते, ती घरातील वृद्ध, बालक, रोगी आणि दिवसभर राबणारी गृहिणी यांच्या वाट्यालाही यावी. त्यासाठी द्रव्य लागत नाही. लक्ष मात्र द्यावे लागते.